योम किप्पूर

योम किप्पूर किंवा प्रायश्चित्ताचा दिवस हा यहुदी (ज्यू) धर्मातील वर्षातला सर्वांत पवित्र दिवस होय. यहुदी पंचांगातील तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी तो पाळला जातो. ग्रेगरीय दिनदर्शिकेप्रमाणे तो सप्टेंबर किंवा ऑक्टोबर महिन्यात येतो. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी सुरू होणारा निर्जळी उपवास दुसऱ्या दिवशी रात्र पडून तारे दिसेपर्यंत, म्हणजे सुमारे २५ तास, चालतो. या काळात अन्नपाणी व सर्व काम वर्ज्य असते आणि दिवसाचा बहुतांश वेळ सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थना व पापांची कबुली यांत जातो. महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजात हाच दिवस ‘दारफाळणीचा सण’ या मराठी नावाने ओळखला जात असे.

उपवास हे या दिवसाचे सर्वांत ठळक लक्षण असले, तरी केवळ उपवासाने पापक्षालन होते असे यहुदी धर्मशास्त्र मानत नाही. ईश्वराविरुद्ध घडलेल्या अपराधांची क्षमा या दिवशी मिळते. माणसाने माणसाविरुद्ध केलेल्या अपराधाची क्षमा मात्र, ज्याचा अपराध केला त्याचे समाधान केल्याखेरीज मिळत नाही, असा स्पष्ट नियम मिश्ना या ग्रंथात दिलेला आहे. या दिवसाच्या परंपरेतील बऱ्याचशा चालीरीतींचा उलगडा या एका नियमातून होतो.

नाव व धर्मग्रंथांतील आधार

हिब्रू भाषेत ‘योम’ म्हणजे दिवस, तर ‘किप्पूर’ हा शब्द झाकणे, पुसून टाकणे किंवा शुद्ध करणे या अर्थांच्या धातूशी जोडला जातो. तोरामध्ये या दिवसाचे नाव ‘योम हा-किप्पुरीम’ असे अनेकवचनी आहे. मराठी बायबलमधील ‘प्रायश्चित्ताचा दिवस’ हे नाव त्यावरूनच आले. तालमुदातील या दिवसाविषयीच्या प्रकरणाचे नाव नुसतेच ‘योमा’, म्हणजे अरामी भाषेत ‘तो दिवस’, असे आहे. कोणता दिवस, हे सांगण्याची ग्रंथकारांना गरज वाटली नाही.

या दिवसाची आज्ञा मुख्यतः लेवीय ग्रंथाच्या १६व्या व २३व्या अध्यायांत आणि गणना ग्रंथाच्या २९व्या अध्यायात आहे. तेथे ‘उपवास’ हा शब्द येत नाही. आपल्या जिवाला क्लेश द्यावेत, एवढेच सांगितले आहे. या क्लेशाचा अर्थ अन्नपाण्याचा त्याग असा परंपरेने निश्चित केला. यहुदी वर्षात इतरही उपवास आहेत, परंतु तोराने स्वतः सांगितलेला असा हा एकमेव उपवास मानला जातो. म्हणूनच शब्बाथच्या (शनिवारच्या) दिवशी इतर उपवास सामान्यतः पुढे-मागे ढकलले जात असले, तरी योम किप्पूर शनिवारी आला तर उपवास त्याच दिवशी होतो. ‘शब्बाथांचा शब्बाथ’ असे त्याचे वर्णन केले जाते.

पंचांगाच्या नियमांमुळे हा दिवस रविवारी, मंगळवारी किंवा शुक्रवारी कधीच येत नाही. शब्बाथ आणि योम किप्पूर लागोपाठ आले, तर सलग दोन दिवस स्वयंपाक करता येणार नाही व मृताचे दफनही करता येणार नाही, रविवार व शुक्रवार टाळण्यामागे ही अडचण चुकवण्याचा हेतू आहे. २०२६ मध्ये उपवास २० सप्टेंबरच्या सूर्यास्तापासून २१ सप्टेंबरच्या रात्रीपर्यंत, तर २०२७ मध्ये १० ऑक्टोबरच्या सूर्यास्तापासून ११ ऑक्टोबरच्या रात्रीपर्यंत आहे.

गणिती पंचांग स्थिर होण्यापूर्वी महिन्याची सुरुवात चंद्रकोर प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदारांच्या साक्षीवरून ठरत असे आणि त्यावरून वाद होत. अशाच एका वादात रब्बी यहोशुआ यांच्या गणनेनुसार जो दिवस योम किप्पूरचा होता, त्याच दिवशी काठी व पैसे बरोबर घेऊन, म्हणजे पवित्र दिवशी वर्ज्य असलेल्या वस्तूंसह, आपल्याकडे यावे असा आदेश रब्बान गम्लीएल यांनी त्यांना दिला. यहोशुआ गेले. गम्लीएल यांनी उठून त्यांचे चुंबन घेतले आणि ज्ञानाने आपले गुरू व आज्ञापालनाने आपले शिष्य असे म्हणून त्यांचे स्वागत केले, असे मिश्ना सांगते. समाजाने एकाच दिवशी उपवास करणे हे आपली गणना खरी ठरण्यापेक्षा महत्त्वाचे, असा या कथेचा अर्थ लावला जातो.

मंदिरकाळातील विधी

जेरुसलेम येथे मंदिर उभे होते तोवर या दिवसाचा केंद्रबिंदू उपवास नसून मुख्य याजकाने (कोहेन गादोल) केलेला विधी हा होता. मंदिराचा सर्वांत आतला भाग, ज्याला परमपवित्रस्थान म्हणत, तेथे वर्षातून केवळ याच दिवशी आणि केवळ याच व्यक्तीला प्रवेश होता. एरवीची सोनेरी वस्त्रे उतरवून पांढरी तागाची वस्त्रे घालून तो आत जाई. दिवसभरात त्याला पाच वेळा पूर्ण स्नान करावे लागे आणि दहा वेळा हात-पाय धुवावे लागत.

मिश्नातील ‘योमा’ या प्रकरणात या विधीचा जो तपशील आहे तो धर्मविधीइतकाच मानवी स्वभावाविषयीही बोलका आहे. मुख्य याजकाला सात दिवस आधी घरापासून वेगळे ठेवले जाई व ऐनवेळी तो अपात्र ठरला तर अडचण नको म्हणून दुसऱ्या याजकाला तयार ठेवत. विधीत कोणताही बदल करणार नाही, अशी शपथ वडीलधारे त्याच्याकडून घेत. आणि शपथ घेतल्यावर तोही रडे व तेही रडत. याचे कारण एका पंथीय वादात होते. धूप परमपवित्रस्थानात शिरल्यानंतर पेटवावा की बाहेरच पेटवून आत न्यावा, याविषयी परूशी व सदूकी या पंथांत मतभेद होता. आत याजक एकटाच असल्याने त्याने काय केले हे कोणालाच दिसणार नव्हते. आदल्या रात्री त्याला झोप लागू नये म्हणून त्याच्यापुढे इयोब, एज्रा व इतिहास या ग्रंथांचे वाचन होई. डुलकी येऊ लागली तर तरुण याजक त्याच्यासमोर चुटक्या वाजवीत. परमपवित्रस्थानातून बाहेर पडताना तो जी प्रार्थना करी ती मुद्दाम थोडक्यात असे, कारण उशीर झाला तर बाहेरच्या लोकांच्या मनात भीती दाटे. काही विपरीत घडल्यास ओढून काढता यावे म्हणून त्याच्या पायाला दोरी बांधत, ही पुष्कळदा सांगितली जाणारी गोष्ट मात्र मिश्नात किंवा तालमुदात नाही. ती मध्ययुगीन परंपरेतून आलेली आहे.

विधीचा दुसरा भाग दोन बोकडांचा होता. दिसायला, उंचीला व किमतीला शक्यतो सारखे असे दोन बोकड आणून त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकल्या जात. एकाचा बळी ईश्वराला दिला जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून मुख्य याजक सर्व इस्रायलच्या पापांची कबुली देई आणि मग त्याला ‘अजाजेल’कडे, म्हणजे निर्जन रानात, पाठवून देत. दुसऱ्याच्या अपराधाचा भार वाहणाऱ्यासाठी अनेक युरोपीय भाषांत रूढ असलेला शब्द याच प्राण्यावरून आला. मराठीत त्याचे भाषांतर बहुधा ‘बळीचा बकरा’ असे होते, पण ते काटेकोर नाही: ज्याच्यावर पापे ठेवली जात तो बोकड वेदीवर बळी जात नसे, बळी जाणारा दुसरा असे.

रानाकडे जाणाऱ्या वाटेवर दहा मांडव उभारलेले असत. बोकड घेऊन जाणारा मनुष्य प्रत्येक मांडवापाशी पोहोचला की तेथील लोक त्याला सांगत की, हे अन्न आणि हे पाणी तयार आहे. उपवासाच्या दिवशी एका माणसापुढे असे दहा वेळा अन्न ठेवले जाई. त्याचा वापर करण्याची वेळ कधी कोणावर आली नाही, पण टोपलीत भाकरी असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांची अवस्था सारखी नसते, असे स्पष्टीकरण तालमुदाने दिले आहे.

मंदिरकाळात हा दिवस उदास नव्हता. याच दिवशी जेरुसलेमच्या मुली पांढरी वस्त्रे घालून द्राक्षमळ्यांत नाचत, असे मिश्नातील ‘तआनीत’ प्रकरणात म्हटले आहे. ही वस्त्रे सर्वजणी एकमेकींकडून उसनी घेत, म्हणजे जिच्याकडे स्वतःचे वस्त्र नाही तिला खाली पाहावे लागू नये.

मंदिराच्या विध्वंसानंतर

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर नष्ट केले. याजक, वेदी व बोकड यांच्यावाचून प्रायश्चित्त कसे होणार, हा त्या पिढीपुढचा खरा प्रश्न होता. भग्न मंदिराकडे पाहून रब्बी यहोशुआ यांनी असाच शोक केला असता, आपल्यापाशी तितकेच परिणामकारक दुसरे प्रायश्चित्त आहे व ते म्हणजे परोपकार, असे उत्तर रब्बान योहानान बेन जक्काई यांनी दिल्याची परंपरा आहे. पुढील शतकांत विधीची जागा क्रमशः शब्दांनी घेतली. मुख्य याजकाने जे केले त्याचे पद्यमय वर्णन (‘आवोदा’) आता प्रार्थनेत म्हटले जाते आणि अनेक ठिकाणी त्यातील विशिष्ट जागी उपासक जमिनीवर पूर्ण दंडवत घालतात. एरवीच्या यहुदी उपासनेत असे दंडवत जवळपास उरलेले नाही.

पश्चात्ताप व क्षमायाचना

योम किप्पूर एकाकी येत नाही. आधीचा एलूल महिना आत्मपरीक्षणाचा मानला जातो व या काळात पहाटे किंवा मध्यरात्रीनंतर क्षमायाचनेच्या विशेष प्रार्थना (‘सेलिहोत’) म्हटल्या जातात. तिश्रीच्या पहिल्या तारखेला नववर्ष (‘रोश हशाना’) येते. त्या दिवशी प्रत्येकाचे भवितव्य लिहिले जाते आणि योम किप्पूरला त्यावर मोहोर उमटते, अशी धारणा आहे. ‘शेवटची मोहोर शुभ असो’ या अर्थाचे हिब्रू अभिवादन त्यावरूनच आले. मधले दहा दिवस ‘पश्चात्तापाचे दहा दिवस’ म्हणून ओळखले जातात.

पश्चात्तापासाठी ‘तेशुवा’ हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ ‘परत फिरणे’. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ व धर्मशास्त्रकार मैमोनिदेस यांनी ‘मिश्ने तोरा’ या ग्रंथात त्याचे नियम एकत्र केले. अपराध थांबवणे, त्याबद्दल खेद वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे आणि अपराधाची शब्दांत कबुली देणे हे त्याचे घटक आहेत. नुसते मनात वाटणे पुरेसे नाही. कबुली ओठांवर यावी लागते. तेच कृत्य पुन्हा करण्याची संधी व शक्ती असूनही माणूस ते करत नाही, तेव्हा पश्चात्ताप पूर्ण झाला असे मैमोनिदेस मानतात. म्हातारपणी अंगातली ताकद गेल्यावर आवरलेला हात त्यांच्या मते उत्तम पश्चात्ताप नव्हे, तरी तोही स्वीकारला जातो.

माणसांमधील अपराधांबाबत नियम अधिक व्यावहारिक आहेत. ज्याने दुसऱ्याचे पैसे बुडवले असतील त्याने ते आधी परत करावेत. पैसे परत केले तरी क्षमा मागावीच लागते. पहिल्यांदा नकार मिळाला तर तीन जणांना बरोबर घेऊन पुन्हा जावे. असे तीन वेळा करूनही समोरची व्यक्ती क्षमा करण्यास तयार नसेल, तर पुढे दोष तिच्याकडे जातो. अपवाद स्वतःच्या गुरूचा: त्याच्याकडे हजार वेळा जावे लागले तरी जावे. ज्याचा अपराध केला तो मरण पावला असेल, तर दहा माणसांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे आणि तेथे कबुली द्यावी. देणे असेल तर ते वारसांना द्यावे. या नियमांमुळे योम किप्पूरच्या आदल्या दिवसांत नातेवाईक, शेजारी व व्यवसायातील सहकारी यांच्याकडे जाऊन क्षमा मागण्याची रीत पडली.

आदल्या दिवशीची ‘कप्पारोत’ ही प्रथा वादग्रस्त आहे. कोंबडा किंवा कोंबडी डोक्याभोवती फिरवून ती नंतर कापली जाते व गरिबांना दिली जाते. सोळाव्या शतकातील संहिताकार योसेफ कारो यांनी ती बंद करण्यास सांगितले, तर पोलंडमधील त्यांचे समकालीन मोझेस इस्सरलेस यांनी ती चालू ठेवली. आज पुष्कळ लोक कोंबडीऐवजी रुमालात बांधलेले पैसे फिरवतात व ते दान करतात.

उपवास व त्याच्या मर्यादा

मिश्नानुसार या दिवशी पाच गोष्टी वर्ज्य आहेत: खाणे-पिणे, अंघोळ, तेल किंवा सुगंधी द्रव्य लावणे, चामड्याची पादत्राणे आणि शरीरसंबंध. त्यामुळे एरवी नीटनेटका पोशाख केलेले लोक या दिवशी सिनेगॉगमध्ये कापडी किंवा रबरी बुटांत दिसतात. पांढरी वस्त्रे वापरण्याची चाल व्यापक आहे. अश्केनाझी परंपरेतील पुरुष ‘किट्टल’ नावाचा पांढरा झगा घालतात. मृताला नेसवण्याच्या कफनातही किट्टलचा समावेश असतो.

आदल्या दिवशी मात्र भरपूर जेवणे हे पुण्यकर्म मानले आहे. नवव्या दिवशी जो खातो-पितो त्याने जणू नववा व दहावा असे दोन्ही दिवस उपवास केला, असे तालमुद म्हणतो. सूर्यास्तापूर्वी उपवासाआधीचे शेवटचे जेवण होते.

उपवास १३ वर्षांच्या मुलांना व १२ वर्षांच्या मुलींना बंधनकारक आहे. त्याहून लहान मुलांना हळूहळू सवय लावतात, पण नऊ वर्षांखालील मुलांनी उपवास करू नये असा दंडक आहे. जीव वाचवणे (‘पिकुआह नेफेश’) हे जवळजवळ सर्व आज्ञांहून श्रेष्ठ असल्याने, उपवासाने जिवाला धोका असेल तर तो करणे निषिद्धच आहे. बाळंतपणानंतरचे पहिले तीन दिवस स्त्रीने उपवास करायचा नसतो. एखाद्या गरोदर स्त्रीला अन्नाच्या वासाने तीव्र इच्छा झाली, तर तिचा जीव शांत होईपर्यंत तिला खाऊ घालावे. आजाऱ्याने आपल्याला अन्न हवे असे म्हटले, तर वैद्यांनी गरज नाही असे सांगितले तरी आजाऱ्याचेच ऐकावे. उलट आजारी माणूस नको म्हणत असेल आणि वैद्य हवे म्हणत असतील, तर वैद्यांचे ऐकावे. म्हणजे दोन्ही बाजूंनी निर्णय खाण्याकडे झुकतो. मधुमेहासारख्या आजारांत ठरावीक अंतराने अगदी थोड्या प्रमाणात खाण्या-पिण्याची पद्धत सांगितली जाते. अशा व्यक्तीने आपण उपवास मोडला असे मानू नये, असे धर्मगुरूंना वारंवार सांगावे लागते, कारण श्रद्धाळू रुग्ण बहुधा ऐकत नाहीत.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८४८ मधील विल्ना (आजचे व्हिल्नियस) येथील कॉलऱ्याच्या साथीचे आहे. नैतिक सुधारणेच्या ‘मुसार’ चळवळीचे प्रवर्तक रब्बी इस्रायल सालांतेर यांनी त्या वर्षी योम किप्पूरला उपवास न करण्याची मुभा जाहीर केली आणि लोकांचा संकोच जावा म्हणून सिनेगॉगमध्ये सर्वांसमोर स्वतः खाल्ले, असे परंपरा सांगते. त्यांनी प्रत्यक्ष किती व कोठे खाल्ले याविषयी वृत्तांतांत फरक आहेत. साथीमुळे उपवासातून मोकळीक दिली गेली याबाबत मात्र ते एकमत आहेत.

प्रार्थना

इतर दिवशी तीन, शब्बाथला व सणांना चार, तर योम किप्पूरला पाच प्रार्थना होतात. आरंभ सूर्यास्ताच्या सुमारास ‘कोल निद्रे’ने होतो. खरे तर ही प्रार्थना नसून अरामी भाषेतील एक कायदेशीर निवेदन आहे: ईश्वराशी केलेले व पाळता न आलेले नवस त्यातून रद्द ठरवले जातात. त्याआधी, अपराध्यांसह प्रार्थना करण्याची परवानगी जाहीर केली जाते. समाजाने दूर लोटलेल्यांनाही या रात्री बाहेर ठेवायचे नसते. कोल निद्रेला बॅबिलोनियातील काही धर्मगुरूंनी प्राचीन काळी विरोध केला होता, आणि मध्ययुगात यहुदीद्वेष्ट्यांनी तिचा उपयोग ‘यहुद्यांच्या शपथेवर विश्वास ठेवता येत नाही’ असे म्हणण्यासाठी केला. वास्तविक दुसऱ्या माणसाला दिलेले वचन किंवा न्यायालयातील शपथ तिच्या कक्षेत येतच नाही. स्पेनमध्ये बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या यहुद्यांसाठी ती रचली गेली ही समजूतही चुकीची आहे. ती त्याहून कित्येक शतके जुनी आहे. तिच्या अश्केनाझी चालीवर जर्मन संगीतकार माक्स ब्रुख यांनी १८८० मध्ये चेलो व वाद्यवृंदासाठी रचना केली. ब्रुख स्वतः यहुदी नव्हते.

दिवसभरात पापांची कबुली (‘विद्दुई’) पुनःपुन्हा दिली जाते. हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने अपराधांची यादी म्हणताना प्रत्येक शब्दाला उपासक छातीवर हलकेच मूठ मारतो. ही कबुली ‘मी’ अशी नसून ‘आम्ही’ अशी असते. जे पाप स्वतः केलेले नाही तेही प्रत्येकजण उच्चारतो. यादीतील बरेचसे अपराध वाणीचे आहेत: निंदा, खोटेपणा, थट्टा, पोकळ शब्द.

सकाळच्या वाचनात यशयाच्या ग्रंथातील जो भाग निवडला आहे, तो उपवास करणाऱ्यांवरच कठोर टीका करतो. मान लववून गोणपाटावर बसणे हा ईश्वराला हवा असलेला उपवास नव्हे. जुलमाचे जोखड मोडणे, भुकेल्याला भाकरी देणे व बेघराला घरात घेणे हा खरा उपवास, असा त्याचा आशय आहे. सर्वजण उपाशी बसलेले असतानाच हा भाग ऐकवला जावा, ही योजना हेतुपुरस्सर दिसते. दुपारनंतर योनाचा ग्रंथ संपूर्ण वाचला जातो. तो परक्या, शत्रू असलेल्या निनवे नगराच्या पश्चात्तापाची कथा सांगतो.

‘उनेताने तोकेफ’ हे स्तोत्र अश्केनाझी उपासनेत अतिशय परिणामकारक मानले जाते. येत्या वर्षी कोण जगेल, कोण मरेल व कोणत्या रीतीने, हे त्यात विचारले आहे. मेंझ येथील रब्बी आम्नोन यांनी छळ सोसून मरताना ते रचले अशी आख्यायिका आहे. परंतु कैरोच्या गेनिझात सापडलेल्या हस्तलिखितांवरून ते त्याहून जुने असल्याचे अभ्यासक मानतात.

शेवटची प्रार्थना ‘नेइला’, म्हणजे ‘बंद करणे’. मुळात मंदिराची दारे मिटण्याच्या वेळेशी व पुढे स्वर्गाची दारे मिटण्याच्या कल्पनेशी हे नाव जोडले गेले. अश्केनाझी रीतीत या वेळी तोराच्या गुंडाळ्या ठेवलेले कपाट उघडे असते व ज्यांना शक्य आहे ते तासभर उभे राहतात. शेवटी एकेश्वरत्वाची घोषणा होते, शिंगाचा (‘शोफार’) दीर्घ नाद होतो आणि उपवास संपतो. घरी जाऊन काही खाल्ल्यावर लगेच, पाच दिवसांनी येणाऱ्या ‘सुक्कोत’ सणाच्या मांडवाची पहिली खुंटी ठोकण्याची पुष्कळ ठिकाणी रीत आहे.

इतर समुदायांतील पद्धती

शोमरोनी समाजात आपल्या पंचांगाप्रमाणे हा उपवास होतो आणि अंगावर पिणाऱ्या बाळांखेरीज लहान मुलेही तो करतात. इथिओपियातील बेटा इस्रायल समाजात हा दिवस ‘अस्तसरेयो’ या नावाने पाळला जाई. इस्लाममधील आशुराच्या उपवासाचा संबंधही अनेक अभ्यासक योम किप्पूरशी जोडतात.

बेने इस्रायल व ‘दारफाळणीचा सण’

कोकणातील बेने इस्रायल समाज कित्येक शतके इतर यहुदी समाजांपासून दूर राहिला. तेलाचे घाणे चालवणारे व शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्याजवळ तोराच्या गुंडाळ्या नव्हत्या, हिब्रू प्रार्थनाग्रंथ नव्हते, सिनेगॉगही नव्हते. तरीही तिश्रीच्या दहाव्या दिवसाचा उपवास त्यांनी टिकवला. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या समाजाच्या इतिहासात या चालीरीतींचे वर्णन आहे. नववर्षाला ‘नव्याचा सण’, तर योम किप्पूरला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. आजच्या मराठीत ‘फाळणी’ म्हणजे विभागणी. या नावात मात्र तिचा अर्थ दार लावून घेणे असा दिला जातो. पांढरी वस्त्रे नेसून, घराची दारे बंद करून, बाहेरच्यांशी संपर्क न ठेवता कुटुंब दिवसभर उपाशी राही. दुसरा दिवस ‘शिळा सण’ म्हणून ओळखला जाई व तो दानधर्मात आणि एकमेकांच्या भेटीगाठींत जाई.

जगातील इतर यहुद्यांचा योम किप्पूर ग्रंथ व सामुदायिक पठण यांच्या आधारावर उभा होता. कोकणात तो त्यांच्यावाचून, केवळ घराच्या आत जपला गेला. ‘दारफाळणी’ आणि ‘नेइला’ या दोन्ही नावांच्या मुळाशी बंद होणारे दार आहे. त्यांत थेट संबंध असल्याचा पुरावा नसला, तरी साम्य लक्षणीय आहे.

मुंबईतील पहिले सिनेगॉग, ‘शआर हाराहमीम’, सॅम्युएल इझिकेल (सामाजी हसाजी) दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. बेने इस्रायल लोक सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत. मस्जिद बंदर या स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे मानले जाते. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांमुळे प्रमाण उपासनापद्धती रुजली व बंद घरातला सण सिनेगॉगमध्ये आला. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी वीसहून अधिक हिब्रू उपासनाग्रंथांचे मराठीत भाषांतर केल्याने हिब्रू न समजणाऱ्यांनाही प्रार्थनांचा अर्थ कळू लागला. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला स्थायिक झाले. मुंबई, ठाणे, पुणे व रायगड जिल्ह्यात राहिलेल्या कुटुंबांसाठी हा दिवस आजही सिनेगॉग भरण्याचा दिवस आहे.

इस्रायलमध्ये

एरवी धर्माचरण न करणारे लोकही हा दिवस पाळतात, असे पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ फिलो याने नोंदवले होते. आधुनिक इस्रायललाही ते लागू पडते. या दिवशी विमानतळ बंद असतात, नभोवाणी व दूरचित्रवाणीचे देशांतर्गत प्रसारण थांबते, दुकाने व सार्वजनिक वाहतूक बंद राहते. खासगी मोटार चालवण्यास कायद्याने बंदी नाही, तरी यहुदी वस्तीतील रस्ते रिकामे असतात. निर्मनुष्य महामार्गांवर मुले सायकली चालवतात आणि धर्मनिरपेक्ष कुटुंबांत या दिवसाला गमतीने सायकलींचा सणही म्हणतात.

६ ऑक्टोबर १९७३ रोजी, योम किप्पूरच्या दुपारी दोनच्या सुमारास, इजिप्त व सीरिया यांनी इस्रायलवर एकाच वेळी हल्ला केला. गुप्तवार्ता विभागाला मिळालेल्या इशाऱ्यांचे गांभीर्य वेळीच ओळखले गेले नव्हते. बंद असलेली नभोवाणी पुन्हा सुरू झाली आणि राखीव सैनिकांना सिनेगॉगांतून, काहींना प्रार्थनेच्या शालीसह, बोलावून नेण्यात आले. १९ दिवसांच्या या युद्धात २,५०० हून अधिक इस्रायली सैनिक व त्याहून कितीतरी अधिक अरब सैनिक मारले गेले. इस्रायलमध्ये त्याला योम किप्पूर युद्ध म्हणतात. तो रमजानचाही महिना असल्याने अरब देशांत ते रमजान युद्ध किंवा ऑक्टोबर युद्ध म्हणून ओळखले जाते.

त्याआधी, सप्टेंबर १९४१ च्या २९ व ३० तारखांना, योम किप्पूरच्या पूर्वसंध्येला, कीव्हजवळील बाबी यार येथे नाझींनी ३३,७७१ यहुद्यांची हत्या केली होती. ९ ऑक्टोबर २०१९ रोजी जर्मनीतील हाले येथे एका सशस्त्र हल्लेखोराने योम किप्पूरची प्रार्थना चालू असलेल्या सिनेगॉगमध्ये शिरण्याचा प्रयत्न केला. कुलूपबंद दार त्याला तोडता आले नाही. त्याने बाहेर दोघांचा जीव घेतला.

१९७३ नंतर या दिवसाच्या मूळ अर्थात युद्धातील मृतांचे स्मरण मिसळले. बेट हाशिता या किबुत्झमधील ११ जण त्या युद्धात मरण पावले. हे किबुत्झ धर्मनिरपेक्ष समाजवादी विचारांचे होते व तेथे पारंपरिक उपासना होत नसे. १९९० मध्ये संगीतकार याईर रोझेनब्लुम यांनी तेथील लोकांसाठी ‘उनेताने तोकेफ’ला नवी चाल दिली. ती आता इस्रायलमधील अनेक सिनेगॉगांत योम किप्पूरच्या उपासनेत गायली जाते.